बिनउंबऱ्याचं शेड

तेहतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला निसर्ग दाखवायला नेऊ नये. लोकांना डोंगर दिसतो, आम्हाला आधी त्याचा गट नंबर आठवतो. झाडाखाली सावलीला बसलो तरी झाड बांधाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहिल्याशिवाय पाठ टेकवत नाही. या खोडीपायी मी घरात आणि बाहेर बरीच बोलणी खाल्ली आहेत. तरी अंबाजोगाईहून मुळशीला जाऊन आल्यावर चार ओळी लिहायला बसलो आहे, त्या या खोडीमुळेच.

मी गेलो ते हवा खायला नाही. धाकटा मुलगा महेश हिंजवडीत नोकरी करतो आणि शेजारच्या जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहतो. वैशाखात एक दिवस त्याचा फोन आला. मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यात त्यानं जमिनीचा तुकडा पसंत केला होता आणि त्यावर तो लोखंडी कंटेनरचं घर ठेवणार होता. "बाबा, पक्कं बांधकाम नाही, म्हणून परवानगीची भानगडच नाही," तो म्हणाला. परवानगीची भानगड नाही असं सांगणारी माणसं मी नोकरीत रोज पाहिली, आणि प्रत्येकाची भानगड शेवटी माझ्याच टेबलावर आली. आमची सौ. म्हणाली, "त्यानं सही करायच्या आत जाऊन या. तुम्ही देवळात गेलात तरी आधी गाभारा मोजता. तिथं तर नुसती जमीनच आहे." त्याच संध्याकाळी मी पिशवी भरली.

जांबे

महेशची खोली तिसऱ्या मजल्यावर. इमारत नवी, जिना अरुंद, आणि दर मजल्यावर सहा दारं. प्रत्येक दाराबाहेर बुटांचा ढीग आणि पाण्याचा जार. लातूर, परभणी, जळगाव, जिकडची तिकडची पोरं या दारांमागे राहतात. त्यांचे बापजादे शेतकरी आणि यांना कुंडीतलं रोपही जगवता येत नाही, हे खिडकीत वाळलेल्या तुळशीवरून कळलं.

खिडकीतून खाली पाहिलं तर पत्र्याच्या खोल्यांच्या दोन लांब रांगा. पलीकडे बांधकाम चाललेल्या टॉवरवरचे कामगार तिथं राहतात. मी दारं मोजली. छत्तीस दारांना दोन नळ. संध्याकाळी खाली चक्कर मारली, तेव्हा एक बिहारी गवंडी दारात कणीक मळत बसला होता. त्याला विचारलं, किती दिवसांपासून इथं? तो म्हणाला, "ये वाला आठ महीने से. इसके पहले माण में था, यही पतरा था." म्हणजे खोली तीच, गाव नवं. मी त्याच्या पत्र्यावर बोटानं टकटक करून पाहिलं. बाहेर ऊन उतरलं होतं तरी पत्रा तापलेलाच होता. आमच्याकडे उन्हाळ्यात मातीच्या माळवदाच्या घरात दुपारी पांघरूण घ्यावंसं वाटतं, ते आठवलं.

इमारतीचे मालक तात्या. इथले जुने शेतकरी, आता खोल्यांचं भाडं हेच पीक. बनियन घालून ते जिन्यापाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे बारीक करून पाहतात. मला पाहूनही त्यांनी डोळे बारीक केले.

"मोजणीतलं का तुमी?"

मी चपापलो. "कशावरून?"

"जिना चढताना पावलं मोजीत व्हता. लई सायेब बघितल्यात आमी. हितली सगळी रानं मोजून मोजून तर गेली."

इतका तोडीस तोड संशयी माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. तात्यांनी चहा मागवला. महेशच्या प्लॉटची गोष्ट निघाली तशी त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"रिह्यात घेताय व्हय? घ्या की. रान चांगलं हाय. पन मी काय सांगतो ते ध्यानात धरा. रानावर शेड हाय का बघा. शेड आसंल तर त्यात चूल पेटती का बघा. चूल पेटत आसंल तर आदी शेड काढाय लावायचं, मगच सही. मानूस एकदा आत बसला की देवाच्या बापाला निघत न्हाई."

हे मला नवं नव्हतं. शेळ्यांसाठी म्हणून चार वासे रोवायचे, मग शेळ्यांबरोबर म्हातारी झोपवायची, मग तुळस, मग देव, मग विजेचा मीटर. बारा वर्षांनी मूळ मालकच कोर्टात उभा. असे किती पंचनामे मी माझ्या हातांनी लिहिले आहेत. तात्यांच्या चहाला साखर फार होती, पण सल्ला मला पटला.

रिहे

दुसऱ्या दिवशी सकाळी महेशच्या गाडीवर मागे बसून निघालो. माण मागे पडेपर्यंत काचेच्या इमारती संपत नाहीत. मग घोटावड्याच्या बाजूला रस्ता वळतो आणि एकदम डोंगर जवळ येतात. खाली भाताची खाचरं, पायऱ्यापायऱ्यांची. खाचरं रिकामी होती, पण जवळजवळ प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात जमीन काळीठिक्कर जाळलेली. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, हे लोक काय जाळून टाकतायत? आमच्याकडे रानात असा कोपरा जळाला की समजायचं, भावकीतलं कुणीतरी काडी लावून गेलं. महेशला विचारलं तर त्याला काहीच माहीत नाही. तीन वर्षं इथं राहतो, पण त्याला फक्त पिझ्झा कुठवर येतो ते माहीत.

जमिनीचा एजंट संतोषशेठ वाटेत भेटला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. माझ्या पाया पडला. पाया पडणाऱ्या एजंटवर मी दुप्पट नजर ठेवतो.

खोऱ्यातल्या कच्च्या रस्त्याला लागून एकाच रानाचे आठ तुकडे पाडले होते. सात तुकड्यांना कुंपणाच्या भिंती आणि लोखंडी फाटकं. आत कुठं दगडी ठोकळ्यांवर ठेवलेला निळा कंटेनर, कुठं लाकडी खोपटं, एका ठिकाणी तर नुसता मोठा तंबू, त्यात पलंग आणि पंखा. पुण्याचे लोक शनिवार-रविवार येऊन त्यात राहतात. आठवा तुकडा ओढ्याकडचा. तो महेशचा होणार होता, आणि त्याच्या बरोबर मध्यावर पत्र्याचं शेड उभं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"ते होय? साइटचं स्टोअर आहे, साहेब. फावडी, घमेली असतात."

फावडी, घमेल्यांच्या त्या स्टोअरमधून सुकट भाजल्याचा वास येत होता. मी संतोषशेठकडे पाहिलं, संतोषशेठनं मोबाइलकडे पाहिलं.

मी सरळ शेडाकडे गेलो. आत एक सत्तरीची बाई चुलीपुढं बसली होती. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात फुंकणी. नाव हौसाबाई. तिनं कोण, कुठले, काही न विचारता तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं केला.

"बसा पाव्हणं. उनातनं आलाय."

मी पाणी प्यायलो, गूळ हातात ठेवला आणि पाहायला सुरुवात केली. ताब्याच्या खुणा असतात, त्या एकेक करून तपासायच्या. विजेचा मीटर, नाही. जोतं, नाही. तुळस होती, पण तेलाच्या डब्यात. देव होते, पण टोपलीत, लाल फडक्यावर. पत्रे वाशांना खिळ्यांनी ठोकलेले नव्हते, वाकड्या हुकांनी अडकवून तारेनं बांधलेले होते. आणि दाराला उंबरा नव्हता. गरिबातल्या गरीब झोपडीलाही आमच्याकडे एखादं लाकूड आडवं टाकून उंबरा करतात. लक्ष्मी यायची तर तिला ओलांडायला काहीतरी हवं ना.

"उंबरा का नाही?" मी विचारलं.

"उंबरा बशिवला की घर झालं," हौसाबाई म्हणाली. "मंग हलवाय जीव हुत न्हाई."

वा, मी मनात म्हटलं. बाई कायदा जाणते. घर झालं तर पंचनामा होतो, शेडाचा होत नाही.

तेवढ्यात माझं लक्ष पत्र्यांवर गेलं. प्रत्येक पत्र्यावर डांबरानं आकडा काढलेला. एक, दोन, तीन, असे अठरापर्यंत. सरकारी मालावर असे आकडे असतात. आमच्या तालुक्यात एका शाळेचे पत्रे वादळात उडाले म्हणून कळवलं होतं, ते पुढं सरपंचाच्या गोठ्यावर आकड्यांसकट सापडले.

"हे नंबर कसले?"

उत्तर मागून आलं. "उतरिवताना घोळ हुतो, सायेब."

हा तिचा नवरा, दगडू नाना. वाळलेला, ताठ, डोक्याला मुंडासं, खांद्यावर करवंदांची टोपली. उतरवताना म्हणजे कुठून उतरवताना, हे मी विचारणार होतो, पण हौसाबाईनं ताटली पुढं ठेवली. तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीचा ठेचा.

आता हा पेच. ज्याचं मीठ खाल्लं त्याला उठवायचं कसं? नोकरीत मी पक्षकाराच्या दारचं पाणीसुद्धा टाळत असे. पण भाकरी अशी पांढरी, पातळ आणि मऊ, की हात आपोआप गेला. आमच्याकडची ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरताच खावी, नाहीतर दातांना काम. हिचं म्हणे पीठ उकडून घेतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत वाकते. सुकटीची मला सवय नाही. मी नाक न मुरडता खाल्ली आणि दुसरी भाकरीही घेतली. खाताना डोळे मात्र पत्र्यांवरच होते.

नानांना मी जळलेल्या कोपऱ्यांबद्दल विचारलं. "त्यो राब," ते म्हणाले. "पाला, गवात, शेन पसरून भाजायचं. त्या राखंत भाताचं रोप लई जोरात येतं." मग थोडं थांबून म्हणाले, "हितं बी मी दर साली राब भाजायचो."

"हितं म्हणजे?"

"हितं." त्यांनी हातानं ओढ्यापासून पार पहिल्या फाटकापर्यंत सगळं दाखवलं.

मी ऐकून घेतलं. जमीन बळकावणारा प्रत्येक माणूस सांगतो की इथं मी आधी कसत होतो. परत निघताना मी संतोषशेठला खडसावलं, "स्टोअर म्हणालात, आत संसार आहे." तो हसला. "ते वॉचमन आहेत, साहेब." सकाळी स्टोअर, दुपारी वॉचमन. पंचनाम्यात असे दोन जबाब आले की आम्ही तांबडी रेघ ओढतो.

परत रिहे

तिसऱ्या दिवशी महेशला ऑफिस होतं. मी एकटाच वडापच्या जीपमधून रिह्याला गेलो. महेशनं बजावलं होतं, "बाबा, तिथं चौकशी करत फिरू नका, लोक नावं ठेवतात." मी फिरायला चाललोय असं सांगितलं आणि चौकशी करत फिरलो.

प्लॉटच्या रांगेतलं पाचवं फाटक उघडं होतं. आत कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ टोपी घालून झारीनं गवताला पाणी घालत होते. माणूस बोलका. त्यांच्या कंटेनरला त्यांनी खिडक्या पाडून घेतल्या होत्या, आत गाद्या, बाहेर झोपाळा. "पावसात काय मजा येते! पत्र्यावर पाऊस वाजतो आणि आपण आत भजी खातोय," ते म्हणाले. त्यांना पत्र्याचं भारी कौतुक.

मी हळूच विचारलं, "त्या ओढ्याकडच्या शेडातले लोक?"

"नाना आणि हौसाबाई ना? अहो, फार गोड माणसं! आधी ते इथंच होते की."

"इथं?"

"याच जागेवर. मी घेतला तेव्हा शेड इथं होतं. मी म्हटलं काम सुरू करायचंय, तर एका सकाळीत उचलून त्या पुढच्या प्लॉटवर नेलं. एक पत्रा दोघं दोन टोकांना धरतात आणि चालत नेतात. मी व्हिडिओ काढलाय, दाखवू?"

मी बाहेर पडलो आणि एकेका कुंपणापाशी जाऊन आत पाहिलं. ज्याला सवय आहे त्याला खुणा दिसतात. दुसऱ्या प्लॉटवर गवताखाली रोवलेल्या वाशांचे बुजवलेले खड्डे होते. चौथ्यावर आंब्याच्या बुडाशी तीन दगडांची जागा खोलगट राहिलेली. सहाव्यावर भिंतीलगत सारवलेल्या जमिनीचा पोपडा. म्हणजे हे दोघं सातही प्लॉटवर एकेक करून बसले होते आणि उठले होते. सगळं जुळलं असं मला वाटलं. ही यांची पद्धत! विकायला निघालेल्या जागेवर शेड टाकायचं, घेणारा घाबरला की त्याच्याकडून काहीतरी उकळून उठायचं आणि पुढच्यावर बसायचं. नंबर घातलेले पत्रे, बिनउंबऱ्याचं दार, तारेच्या गाठी. सगळी धंद्याची हत्यारं! इतकी सफाई मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी काहीतरी पकडलं होतं.

तिथूनच संतोषशेठला फोन लावला. अर्ध्या तासात त्याची गाडी आली. मी सगळं त्याच्या तोंडावर मांडलं. या खेपेला तो हसला नाही.

"साहेब, त्यांचंच रान होतं हे सगळं. भावकीनं मिळून एकदम मला दिलं. सह्या झाल्या, सगळं रीतसर आहे. त्यांना मुलगा नाही, लेक कोळवणच्या बाजूला दिलीय. गावातलं घर पुतण्याच्या वाटणीला गेलं. मीच म्हणालो, शेवटचा प्लॉट जाईस्तोवर रानातच राहा, राखण करा. घेणाऱ्याला सांगितलं की तो बिचकतो, म्हणून सांगत नव्हतो."

आज लिहिताना हे वाक्य किती सरळ वाटतं. शेवटचा प्लॉट जाईस्तोवर. त्या दिवशी मला त्यातलं 'राहा' तेवढं खुपलं. तोंडी दिलेली परवानगी! याच्याइतकी वाईट चीज महसुलात दुसरी नाही. मी म्हणालो, "शेड निघाल्याशिवाय माझा मुलगा सही करणार नाही. परवा सही आहे. उद्याच्या उद्या जागा मोकळी पाहिजे."

संतोषशेठ म्हणाला, "तुम्हीच सांगा त्यांना. माझी जीभ रेटत नाही."

मी सांगितलं. माझी जीभ रेटली. नाना ओढ्याकाठी फणसाच्या सावलीत दोरी वळत बसले होते. मी त्यांना नियम सांगितला, कारणं सांगितली, थोडा आवाजही चढवला, कारण आता रडारड होणार, गाव गोळा होणार, याची मला खात्री होती. नानांनी दोरीचा पीळ पुरा केला आणि गाठ मारली.

"उद्या सकाळच्याला मोकळं करून देतो," ते म्हणाले.

बस्स. एवढंच. एकही प्रश्न नाही, एकही अट नाही. मी वडापमध्ये बसून जांब्याला पोचेपर्यंत विचार करत होतो, इतक्या सहज कसा तयार झाला? यात काहीतरी डाव आहे. तात्यांना विचारलं तर तेही विचारात पडले. "उंद्या सोता जाऊन हुबं ऱ्हावा," ते म्हणाले.

ओढ्याकडचा प्लॉट

व्यवहार झाला, हे आधीच सांगून टाकतो. महेशची सही झाली, जमीन त्याच्या नावावर लागेल, कागदात काडीची खोट नाही. परत आल्यावर मी संतोषशेठला फोन करून नाना आणि हौसाबाई कुठं आहेत ते विचारलं. "लेकीकडं गेले असतील," तो म्हणाला. 'असतील' वर माझा कधीच विश्वास नव्हता, आताही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सातला महेश आणि मी तिथं पोचलो तेव्हा भांडी, टोपलीतले देव आणि तुळशीचा डबा फणसाखाली मांडून ठेवलेला होता. नाना पिंपावर चढून हुक सोडवत होते. हौसाबाई खाली उभी राहून पत्रा झेलत होती. अठरा नंबर आधी, मग सतरा, मग सोळा. एकावर एक पालथे. तिनं हात वर केला की पत्रा त्या हातात यायचा.

महेश पुढं होऊन मदत करायला गेला. नाना म्हणाले, "नगं मालक, हात कापंल." माझा मुलगा मालक झाला होता. मी त्यांना विचारलं, एक नंबर कुठल्या बाजूचा?

"पावसाच्या उलट्या अंगाचा," नाना वरूनच बोलले. "वरल्या अंगानं पाऊस येतो, मंग खालनं सुरवात. त्याच्यावर दोन, दोनावर तीन. भोकास भोक यायला पायजे. नंबर चुकला तर आख्खा पावसाळा आंथरुणात गळतं. पयल्या खेपंला चुकलं हुतं, तवापासनं नंबर घातलं."

एवढाच त्या आकड्यांचा अर्थ होता.

ऊन डोंगरावरून खाली उतरायच्या आत शेड उतरलं. वासे काढले, खड्डे बुजवले, माती पायानं दाबली. मग हौसाबाईनं चुलीचे तीन दगड उचलले, ती जागा शेणानं सारवली आणि पदराच्या गाठीतले चार तांदूळ त्यावर ठेवले. महेशकडे वळून म्हणाली, "सून आली की तिला म्हनावं, चूल ह्याच जागंला मांड. हितं वारं लागत न्हाई. म्या समदीकडं मांडून बघितलीया." महेशनं मान खाली घातली. त्याच्या कंटेनरमध्ये चूल असणार नव्हती, विजेची शेगडी असणार होती.

प्लॉट मोकळा होता. मी म्हटलं होतं तस्साच, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

नाना आणि हौसाबाईनं ढिगावरचा पहिला पत्रा दोन टोकांना धरला आणि उचलला. सात वेळा केलेली सवय. ती पुढं, हे मागं. रस्त्यावर आले आणि थांबले. एका हाताला सात फाटकं, सगळी लावलेली. दुसऱ्या हाताला ओढा. दोघं पत्रा धरून तशीच उभी राहिली.

"आता कुठं नेणार?" मी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो.

"अजून ठरिवलं न्हाई."

"न ठरवताच उतरवलंत?"

"तुमाला घाई हुती," नाना म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, मी शोधून पाहिला. "मोकळं करून देतो म्हनलो हुतो. आदी शबूद, मंग बाकीचं."

माझ्या मनात त्याही वेळी आलं, की हे नाटक तर नाही? मुद्दाम आपल्यासमोर तर उभे नाहीत? आलं, खोटं कशाला सांगू. आणि लगेच माझी मलाच इतकी लाज वाटली की तोंड कुठं लपवावं कळेना.

महेश माझ्या कानाशी आला. "बाबा, पावसाचे चार महिने राहू देत ना इथंच. मी कंटेनर दिवाळीनंतर आणतो."

"नाही," मी म्हणालो. विचार करायच्या आधीच म्हणालो. तेहतीस वर्षं तोंडात बसलेला शब्द तो. सही झाली नसताना, जागेवर चूल पेटलेली असताना, नाही. महेशनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे असं आधी कधी पाहिलेलं मला आठवत नाही. फोन केला की तो अजूनही इकडतिकडचं बोलतो, पण ते पाहणं मधे असतं.

नानांनी आमचं बोलणं ऐकलं की नाही, माहीत नाही. पत्रा हातातच होता. ते म्हणाले, "सायेब, तुमी मोजनीतलं. तुमाला ठावं आसंल. रस्त्याच्या कडंची म्हना, वढ्याच्या कडंची म्हना, कुनाचीच नसंल आशी येवडी जागा दावा. पाऊस काढतो आन् उठतो."

त्यांना वाटत होतं की मला माहीत असेल. इतकी रानं मोजली, त्यात एखादा तरी तुकडा असा राहिला असेल. मी मनात सगळं धुंडाळलं. रस्त्याची कड सरकारची. ओढा सरकारचा. गायरान पंचायतीचं. बांध दोघांचा. डोंगर वन खात्याचा.

"अशी जागा नसते, नाना," मी म्हणालो.

"नसती व्हय," ते म्हणाले.

हौसाबाईचे हात भरून आले होते. तिनं तिच्या बाजूचं टोक जमिनीला टेकवलं, मग नानांनी त्यांचं टेकवलं. मागून एका फाटकातून गाडी निघाली. रस्ता अडला होता, म्हणून आतल्या माणसानं हॉर्न दिला. दोघांनी पत्रा परत उचलला.